पाच मिनिटं बसायचं, मग परत खेळायचं

पत्र :

ताई, नमस्कार. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, तालमीत वाढलेला. ऑक्टोबरपासून मुलाकडे कॅनडात, मिसिसागाला आलोय, मार्चमध्ये परत जाणार. नातू १५ वर्षांचा आहे, आइस हॉकी खेळतो. अंगानं माझ्यावर गेलाय, थोराड.

गेल्या महिन्यात गॅरेजात गेलो तर हा आणि याचा मित्र हातमोजे खाली टाकून, एकमेकांच्या जर्सीची गचांडी धरून गोल गोल फिरताहेत. भांडण लागलं समजून सोडवायला गेलो, तर दोघं हसायला लागले. म्हणे प्रॅक्टिस चाललीय. मग फोनवर व्हिडिओ दाखवले. रक्त निघेपर्यंत मारताहेत, अन् पंच बाजूला उभे! मी म्हटलं, अरे हा कसला खेळ? तर म्हणाला, ‘आबा, पार्ट ऑफ द गेम.’ कोच म्हणालाय म्हणे, पुढच्या लेव्हलला जायचं तर अंगात ‘ते’ पाहिजे. मुलाला बोललो तर तो म्हणतो, तुम्ही यात पडू नका, इकडे असंच असतं. सूनबाई गप्प.

कुस्तीत कुणी ठोसा लगावला तर आम्ही त्याला हौद्याबाहेर काढतो. इथं हे चालतंच कसं? चालावं का? आणि काही महिन्यांच्या पाहुण्यानं तोंड उघडावं की मिटून बसावं?

ता. क. नातू म्हणतो, आबा, तुम्ही पैलवान होता ना, मला पकड शिकवा. शिकवू का?

*

सर, नमस्कार.

(शाळेत शिकवलेल्या माणसाला काका म्हणायला माझी जीभ वळत नाही. सरच म्हणते.)

तुमचं गॅरेज मला वाचता वाचता दिसलं. आमच्याकडेही तसंच होतं. कोपऱ्यात घामाचा वास मारणारी ती भलीमोठी बॅग, दाराला पकचे (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) काळे डाग. माझा मुलगा सहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत खेळला. इतके हिवाळे मी पहाटे पाचला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडलाय. तेव्हा जे सांगते ते हॉकीवर रुसलेल्या बाईचं बोलणं समजू नका. मला हा खेळ आवडतो.

पंचांपासून सुरुवात करू, कारण तुमच्यातल्या पंचाला तेच जास्त लागलेलं दिसतंय. बाजूला उभे असतात ते लाइन्समन. त्यांना तसंच शिकवलेलं असतं. ठोसे चालू असताना मध्ये शिरलं तर एकाचे हात अडकतात आणि दुसऱ्याचा ठोसा मोकळा बसतो. म्हणून थांबायचं, कुणी पडला किंवा दमला की दोघांना वेगळं करायचं. म्हणजे ते निर्लज्जपणे तमाशा बघत नसतात. पण तुमचा मूळ सवाल तसाच राहतो : थांबवल्यावर पुढं काय?

पुढं पाच मिनिटं. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, १९१७ साली सुरू झाली. १९२२ मध्ये त्यांनी मारामारीचा नियम लिहिला : दोघांनी पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं आणि परत यायचं. शंभर वर्षं होऊन गेली, मूळ दर तोच आहे. मी मुद्दाम ‘दर’ म्हणते. एखाद्यानं काठी अडकवून समोरच्याला पाडलं तर त्याला दोन मिनिटं बसवतात, आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. गोल खायची भीती असते, कोच डोळे वटारतो. पण दोघांनी मिळून एकमेकांची तोंडं फोडली तर दोघं आत बसतात आणि त्यांच्या जागी दुसरे दोघं बर्फावर येतात. संघाचं काडीचं नुकसान नाही. काठीनं पाय अडवणं संघाला महाग पडतं आणि नाक फोडणं स्वस्त, असा हा हिशोब आहे.

नंतर त्याला बांध घालत गेले. दोघांच्यात तिसरा घुसला तर तो सामन्याबाहेर, हे १९७१ पासून. बाकावरून उठून मारामारीत उडी घेतली तर मोठी बंदी, हे १९८७ पासून. ज्यानं उकरून काढली त्याला जादा शिक्षा, हे १९९२ पासून. हेल्मेट स्वतःहून काढून भिडलं तर आणखी दोन मिनिटं, हे २०१३ पासून. जर्सी आतून एका पट्ट्यानं पँटला अडकवलेली असावी लागते, कारण नाहीतर ती समोरच्याच्या डोक्यावरून ओढून त्याचे हात जखडता येतात. गॅरेजातली पोरं बहुतेक त्याचीच तालीम करत होती. जी गोष्ट चालत नाही म्हणायचं, तिचे इतके बारकावे नियमांच्या पुस्तकात लिहून ठेवायला लागावेत, याची मला कायम गंमत वाटत आलीय.

आता तुमच्या नातवाचं वाक्य. हे सगळं मोठ्यांच्या, पगारी लीगमधलं. तो ज्या मुलांच्या हॉकीत खेळतो तिथं मारामारी केली की सामन्यातून बाहेर आणि वर पुढची बंदी. अमेरिकेच्या कॉलेज हॉकीत बाहेर, शिवाय पुढचा सामना बुडाला. ऑलिंपिकमध्ये बाहेर. २०१० मध्ये व्हँकुव्हरला कॅनडा-अमेरिका अंतिम सामना झाला, सिडनी क्रॉसबीनं जादा वेळेत गोल मारला. आमच्या गल्लीतली माणसं थाळ्या-पातेली घेऊन रस्त्यावर आली होती. त्या सामन्यात एकही मारामारी नव्हती आणि कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. तेव्हा ‘पार्ट ऑफ द गेम’ हे त्याच्या आजच्या हॉकीपुरतं साफ खोटं आहे, ते आधी त्याच्याच तोंडून काढून घ्या. ‘तुझ्या लीगच्या नियमात काय लिहिलंय, मला वाचून दाखव,’ एवढंच म्हणा. मास्तरांना हे शिकवायला नको.

पण पोरगं काही हवेतून बोलत नाही. बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घ्या, नाहीतर पहिल्या दोन मिनिटांत तो तुम्हाला गप्प करेल.

ते म्हणतात, हा खेळ वेगाचा आहे. हातात काठी, पायात पाती, चहूबाजूंनी भिंती. पंचांच्या नजरेआड कुणी तुमच्या चांगल्या खेळाडूच्या मनगटावर काठी मारली तर दाद कुठं मागायची? म्हणून संघात एक धिप्पाड गडी ठेवायचा. त्याला इथं एन्फोर्सर म्हणतात. आपल्याकडे पाठराखण करणारा म्हणतो तसा. १९८० च्या दशकात एडमंटनला वेन ग्रेट्झकी होता. आपल्याकडे सचिन, तसं इकडे ग्रेट्झकी. त्याच्या अंगाला कुणी हात लावला तर डेव्ह सेमेंको येणार, हे सगळ्या लीगला माहीत होतं. पुढं १९८८ मध्ये ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला दिलं, तेव्हा त्याच सौद्यात मार्टी मॅकसोर्ली हा दुसरा पाठराखाही त्याच्याबरोबर गेला. हिऱ्याबरोबर तिजोरी.

आणि या गड्यांचा एक अलिखित कायदा असतो, ‘द कोड’. दोघांची तयारी असेल तरच भिडायचं. खाली पडलेल्याला मारायचं नाही. जॉर्ज लराक नावाच्या एका पैलवानी खेळाडूच्या अंगावर एकदा टीव्हीचा माइक होता. भिडायच्या आधी त्यानं समोरच्याला विचारलं आणि वर ‘गुड लक’ म्हटलं, ते सगळ्यांनी ऐकलं. तुमच्या सलामीच्या जवळ जाणारं काहीतरी त्यात आहे, हे मी नाकारत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका सामना सुरू झाला आणि पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. मी, सत्तावन्न वर्षांची बाई, हातात भाकरीचं पीठ तसंच घेऊन टीव्हीसमोर उभी होते. बसले नाही. खरं ते सांगते.

त्या कायद्यावर माझा विश्वास होता तो २००४ च्या मार्चपर्यंत.

फेब्रुवारीत कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूर या नवख्या पोरानं व्हँकुव्हरचा कप्तान मार्कस नॅसलंड याला धडक दिली. कप्तानाच्या डोक्याला मार लागला. पंचांनी शिक्षा दिली नाही. झालं, उट्टं काढायची भाषा सुरू झाली. ८ मार्चला दोन्ही संघ परत समोरासमोर आले. पहिल्याच सत्रात व्हँकुव्हरच्या मॅट कुकनं मूरला आव्हान दिलं आणि मूर भिडलाही. म्हणजे ‘कोड’प्रमाणे उधारी चुकली, खातं बंद. पण तिसऱ्या सत्रात टॉड बर्टुझी त्याच्या मागं लागला. मूर वळेना, तेव्हा त्यानं मागून जर्सी धरली, डोक्यावर ठोसा घातला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. वर आणखी खेळाडू येऊन पडले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो परत एकही सामना खेळला नाही. बर्टुझीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, बंदी भोगली आणि पुढं कित्येक वर्षं खेळला. मूरचा दावा दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, कोर्टाबाहेर मिटला.

मारामारीमुळे मोठी इजा टळते, ही वाफ जायची झडप आहे, असं जे म्हणतात, त्यांना मी हीच संध्याकाळ आठवायला सांगते. झडप त्या दिवशी उघडली होती. वाफ गेली नाही.

आता तुमच्या मातीबद्दल. हौद्यातली माती तुम्ही चाळता, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालता, ती मऊ ठेवता. कशासाठी? खाली पडणाऱ्यासाठी. खाली पडणारा हा कुस्तीत धरूनच चाललेला असतो. बर्फाला कुणी ताक घालत नाही. डिसेंबर २००८ मध्ये तुम्ही आहात त्याच ऑन्टारिओ प्रांतातल्या एका हौशी लीगच्या सामन्यात डॉन सँडरसन नावाचा २१ वर्षांचा मुलगा भिडला. झटापटीत हेल्मेट निघालं आणि पडताना डोकं बर्फावर आपटलं. तो कोमात गेला. २ जानेवारी २००९ ला गेला. जीव ठोशानं गेला नाही, पडण्यानं गेला. व्हिटबीचा संघ, तुमच्या मुलाच्या घरापासून गाडीनं तासाभराचं अंतर.

आणि जे पडत नाहीत, जिंकतात, त्यांचं काय होतं? डेरेक बूगार्ड हे नाव नातवाला विचारा, त्याला माहीत असेल. सस्कॅचेवनचा, साडेसहा फुटांच्या वरचा गडी. एनएचएलमध्ये २७७ सामने आणि गोल किती? तीन. न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला चार वर्षांचे पासष्ट लाख डॉलर कबूल केले, ते त्या तीन गोलांसाठी नव्हेत. मुठी, पाठ, डोकं सगळं दुखायचं, त्यावर वेदनाशामक गोळ्या, मग त्या गोळ्यांचं व्यसन. मे २०११ मध्ये दारू आणि गोळ्यांच्या मिश्रणानं तो झोपेतच गेला. वय २८. बोस्टन विद्यापीठात त्याचा मेंदू तपासला तर त्यात सीटीई निघाला. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसत राहिला की मेंदूला होणारा हा आजार. तो माणूस जिवंत असताना पक्का ओळखता येत नाही, मेल्यावर मेंदू चिरूनच कळतो. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन मारामारीसाठी ओळखले जाणारे खेळाडू गेले. एका उन्हाळ्यात तिघं.

२०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा एन्फोर्सरांची त्यांच्याच वेळच्या, साधारण त्यांच्यासारख्याच बाकीच्या खेळाडूंशी तुलना केली. मेलेल्यांची संख्या फार वेगळी नव्हती. वय वेगळं होतं. जे एन्फोर्सर गेले ते सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि त्यांच्यात आत्महत्या आणि अमली पदार्थ ही कारणं ठळक होती. लीगचे प्रमुख गॅरी बेटमन आजवर ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ याच सुरात बोलत आलेत. २०१८ मध्ये तीनशेवर माजी खेळाडूंबरोबरचा डोक्याच्या दुखापतींचा दावा लीगनं १ कोटी ८९ लाख डॉलर मोजून मिटवला. चूक मात्र मान्य केली नाही.

तर माझं मत विचारलंत म्हणून : मोठ्यांच्या हॉकीतही मारामारी केली की त्या दिवशी खेळ संपला, असं व्हायला हवं. पोलीस नकोत, तुरुंग नको, कपडे बदलून घरी जा एवढंच. खेळ मिळमिळीत होईल म्हणणाऱ्यांना सांगायला एक हिशोब आहे. २००८-०९ च्या हंगामात एनएचएलमध्ये सातशेच्या वर मारामाऱ्या झाल्या होत्या. हल्ली तीनशेच्या आसपास होतात. निम्म्याहून कमी झाल्या आणि तिकिटाचे भाव काही उतरले नाहीत. लीगच्या चषकाचे शेवटचे सामने आले की त्या आणखी कमी होतात, कारण तेव्हा कुणालाच माणूस बसवून ठेवणं परवडत नाही. जेव्हा खरोखर जिंकायचं असतं तेव्हा जी गोष्ट संघ स्वतःहून बाजूला ठेवतात, ती खेळाचा प्राण कशी? क्युबेकच्या ज्युनियर लीगनं (साधारण सोळा ते वीसच्या मुलांची, मोठ्या लीगच्या आधीची पायरी) २०२३ पासून मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली. ऑन्टारिओची ज्युनियर लीग, जिची स्वप्नं तुमचा नातू बघत असेल, तिनं आकडा ठरवलाय : हंगामात तीनपर्यंत खपवून घेऊ, त्यापुढं बंदी. आकडा लावणं हे मला अर्धवट वाटतं. तीन चालतात म्हणजे चालतात.

१९७४-७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या डेव्ह शुल्ट्झनं एका हंगामात ४७२ मिनिटं शिक्षा भोगली, तो विक्रम अजून उभा आहे. जवळपास आठ तास, कारखान्याची एक अख्खी पाळी. त्याच्या संघानं त्या वर्षी चषक जिंकला. असल्या गड्याची नोकरी आता जवळजवळ संपली आहे. बर्फावर आता चारही ओळी, म्हणजे आलटून-पालटून उतरणाऱ्या तुकड्या, खेळाव्या लागतात आणि नुसता मारणारा माणूस धावण्यात मागं पडतो. म्हणून तुमच्या मुलाला व्यवहाराच्या भाषेत सांगायचं तर, पोरगं ज्या कौशल्याची गॅरेजात तालीम करतंय त्याला बाजारात गिऱ्हाईक उरलेलं नाही. इंजिनिअर माणसाला हे पटकन कळतं. (तो इंजिनिअर असेलच असं मी गृहीत धरलं, मिसिसागाचा अंदाज.)

आता घरातलं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी स्वतः इथं माती खाल्लीय.

माझा मुलगा पंधराचा असताना त्यांच्या एका छोट्या खेळाडूला समोरच्यानं भिंतीवर आपटलं. पंचांनी काही दिलं नाही. कोचनं बाकावर बसलेल्या माझ्या मुलाच्या पाठीवर एक थाप मारली. बोलला अक्षरही नाही. मुलगा उतरला, हातमोजे टाकले, भिडला, सामन्याबाहेर गेला. लॉबीत बाकावर बसला होता. कॅन्टीनवालीनं दिलेली बर्फाची पिशवी उजव्या हातावर, बोटांची पेरं फुगलेली, केसांतून वाफ निघतेय. मला बघून म्हणाला, ‘आई, मी चांगला खेळलो ना?’ तो त्या दिवशी जेमतेम चार मिनिटं बर्फावर होता. आणि मी काय म्हणाले असेन? ‘मंडळातली सगळी आली होती बघायला. काय म्हणाले असतील!’

चारशे एक हायवेवर पाऊण तास तो खिडकीबाहेर बघत होता. पुढचं दीड वर्ष त्यानं मला हॉकीतलं काही सांगितलं नाही. बऱ्याच वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, एकदा जेवताना म्हणाला की त्या थापेनंतर प्रत्येक सामन्याच्या सकाळी त्याला उलटी व्हायची. परत थाप पडेल म्हणून. आम्हाला वाटायचं, दूध पचत नाही.

त्या कोचला मी आयुष्यभर माफ करणार नाही. स्वतःलाही फारसं नाही.

म्हणून तुम्ही गप्प बसू नका, पण भाषणही देऊ नका. अहिंसा, संस्कार, आपल्यात असं करत नाहीत, हे तीन शब्द गिळून टाका. त्याला एकटं गाठून एकच विचारा : ‘तुला भिडायची भीती वाटते का?’ आणि मग थांबा. लगेच ‘नाही’ म्हणेल. तरी थांबा. आजोबा पैलवान आहेत, तुम्ही म्हणालात की मलाही जोड बघून पोटात गोळा यायचा, तर ते त्याच्या आईबापांनी म्हटल्यापेक्षा कितीतरी खरं वाटेल. मोठ्या अंगाच्या मुलाला ‘तू घाबरतोस का’ असं कुणी विचारतच नाही. सगळे त्याच्याकडे पाठराखा म्हणूनच बघतात.

मग कोचचं ‘ते’. ते नक्की काय, हे आधी कळून घ्या. हॉकीत ‘ते’ म्हणजे भिंतीशी पकसाठी रेटारेटी करायची हिंमत, मार खाऊन गोलसमोर उभं राहायची जिद्द, असाही अर्थ असतो आणि तो योग्य आहे. पोरानं फोनवरच्या व्हिडिओंची भर घालून स्वतःचा अर्थ लावला असेल. पण कोचचा अर्थ ठोशांचाच असेल तर हा तुमच्या मुलाचा प्रश्न आहे, नातवाचा नाही. इथल्या बऱ्याच संघांत चोवीस तासांचा नियम असतो : सामना झाल्या झाल्या पालकांनी कोचशी तंडायचं नाही, एक दिवस जाऊ द्यायचा. तो पाळावा, मग संघाच्या मॅनेजरला लेखी विचारावं. लेखी. तोंडी विचारलेलं बर्फासारखं विरघळतं.

मुलगा ‘इकडे असंच असतं’ म्हणाला तर त्याला एक कागद आठवून द्या. ऑन्टारिओत २०१८ पासून रोवन्स लॉ नावाचा कायदा आहे. रोवन स्ट्रिंगर ही ऑटवाची १७ वर्षांची मुलगी, रग्बी खेळायची. डोक्याला मार लागला, तो अंगावर काढून परत खेळली, परत मार लागला आणि २०१३ मध्ये गेली. त्या कायद्यानुसार दरवर्षी नाव नोंदवताना मुलाला आणि पालकांना डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचून, वाचली म्हणून कळवावं लागतं. तुमच्या मुलानं यंदाही ते केलेलं आहे. बहुतेक न वाचता, ऑफिसात बसून, फोनवर टिचकी मारून; आम्हीही शाळेचे असले कागद तसेच भरायचो. त्याला एकदा शांतपणे म्हणा, तू सही केलेलं मला मराठीत सांग. सूनबाई तेव्हा खोलीत असू द्या. तुम्ही लिहिलंत, त्या गप्प आहेत. मीही तशीच गप्प असायचे आणि त्या गप्प बसण्यात माझी संमती होती असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आणि सामन्यांना जा. पहाटेच्याही. कानटोपी, लोकरी मोजे, आणि बसायला घडी घालून एक जाड चादर. त्या बाकांचा गारठा हाडात शिरतो. इंग्रजी समालोचन भरभर वाटत असेल तर शनिवारी घरी पंजाबी लावा. २००८ पासून कॅनडात हॉकीचं पंजाबीत समालोचन होतंय आणि त्यांचा आवेश ऐकून तुम्हाला कुस्तीच्या मैदानातला निवेदकच आठवेल. नातवाला सांगा, मला ऑफसाइड कळत नाही, समजाव. तो समजावायला लागला की फोनवरचे व्हिडिओ आपोआप मागं पडतात असं मी म्हणत नाही. पण तेवढा वेळ तो खेळाबद्दल बोलत असतो.

राहिला ता. क. शिकवा की! अगदी शिकवा. गॅरेजातल्या फरशीवर नको. बाहेर हिरवळीवर शिकवायला मे महिन्याची वाट बघावी तर तेव्हा तुम्ही नसाल, तेव्हा तळघरात जुनी गादी टाका. आधी जोर-बैठका काढून घ्या, दोन दिवसांत मित्राचा उत्साह मावळेल आणि नातू एकटा उरेल. मग त्याला खाली वाकून उभं राहणं शिकवा, कंबरेतून जोर लावणं, रेटा आला तरी पाय न हलवणं, समोरच्याचं वजन त्याच्याच विरुद्ध वापरणं. भिंतीशी पकसाठी झुंजताना डिफेन्सच्या खेळाडूला हेच लागतं आणि इथले कोच यासाठी तासाला पैसे घेतात. सलामी शिकवा. ढाक मारून दाखवा, तुमची कंबर परवानगी देत असेल तर.

पटही शिकवा, पण तो बर्फावर काढायचा नाही म्हणून बजावा. त्याला इकडे ट्रिपिंग म्हणतात. दोन मिनिटं बसवतात, आणि संघाला एक माणूस खरोखर कमी पडतो.